घरट्यातून पडलेलं पिल्लू सापडलं? आधी खायला घालू नका

एप्रिल ते जुलै हा याचा सीझन. म्हणजे तसं चिमण्या आणि कबुतरं वर्षभर काही ना काही उद्योग करतच असतात, पण वळवाचा पहिला पाऊस झाला, वारं सुटलं, दोनचार फांद्या मोडल्या की सोसायटीच्या ग्रुपवर फोटो यायला लागतात, कुणीतरी पिल्लू हातावर घेतलेलं, शेजारी वाटीत दूध, आणि खाली प्रश्न की ह्याला काय खायला देऊ. मग उत्तरांचा पाऊस. ग्लुकोज द्या, पार्ले-जी भिजवून द्या, ड्रॉपरने पाणी पाजा, आणि एक काकू हमखास लिहितात की हात लावलात ना, आता आई घेणार नाही त्याला. यातलं एकही बरोबर नाही, आणि खरं सांगायचं तर खायला काय द्यायचं हा चौथा-पाचवा प्रश्न आहे. पहिला प्रश्न हा की पिल्लू खरंच अनाथ आहे का. बहुतेक वेळा नसतं.

म्हणून आधी पिल्लाकडे नीट बघा, लांबूनच. अंगावर पिसं आहेत, शेपूट आखूड आहे, चोचीच्या कडा अजून पिवळ्या आहेत, आणि ते टुणटुण उड्या मारतंय, जवळ गेलं की झुडपात शिरतंय, तर त्याला काही झालेलं नाही. ते उडायला शिकतंय. बुलबुल, साळुंकी, दयाळ, कावळा यांची पिल्लं पूर्ण उडता येण्याच्या आधीच घरटं सोडतात आणि काही दिवस जमिनीवर नाहीतर खालच्या फांद्यांवर काढतात, आईबाप तिथेच येऊन भरवतात. अशा पिल्लाला उचलून घरी नेणं म्हणजे सरळ सरळ पळवून नेणं आहे, हेतू कितीही चांगला असो. करायचं एवढंच की मांजर-कुत्रं आसपास असेल, रस्त्यावर किंवा पार्किंगमध्ये असेल तर उचलून जवळच्या दाट झुडपात किंवा कुंड्यांच्या मागे ठेवायचं आणि आपण बाजूला व्हायचं. वॉचमनला सांगून कुत्र्यांना तासभर लांब ठेवा. कावळ्याचं पिल्लू असेल तर डोक्यावर छत्री किंवा हेल्मेट घेऊन जा, कारण त्याचे आईबाप तुम्हाला टोचणार, आणि टोचतायत म्हणजे ते आहेत आणि पिल्लू अनाथ नाही हा पुरावाच झाला.

पिसं नाहीत, गुलाबी कातडं दिसतंय, डोळे बंद, किंवा अंगभर काटे फुटल्यासारख्या पिसांच्या नळ्या आहेत आणि ते धड उभंही राहू शकत नाही, तर ते घरट्यातलं आहे आणि त्याला घरट्यातच परत ठेवायचं. हाताच्या वासाने आई टाकून देते हे साफ खोटं आहे. माणसाचा वास लागला म्हणून हे छोटे पक्षी पिल्लाला सोडत नाहीत, पिल्लाचा आवाज आणि वासलेली चोच दिसली की ते भरवतात. शिडी लावा, स्टूल घ्या, ग्रिलमधून हात घाला, पण परत ठेवा. ठेवायच्या आधी मात्र तळहातात दोन्ही हातांनी झाकून त्याला गरम होऊ द्या, कारण थंड पडलेलं पिल्लू चोच वासत नाही आणि चोच न वासणाऱ्या पिल्लाला आई भरवत नाही.

घरटंच पडलं असेल किंवा इतकं उंच असेल की हात पोचत नाही, तर नकली घरटं करायचं. श्रीखंडाचा किंवा आइस्क्रीमचा प्लास्टिकचा डबा घ्या, तळाला सुईने किंवा गरम खिळ्याने पाचसात भोकं पाडा म्हणजे पावसाचं पाणी साचणार नाही, आत वाळकं गवत, नारळाच्या शेंड्या, जुन्या घरट्याचे तुकडे असतील तर ते घाला आणि मूळ घरट्याच्या जितकं जवळ जमेल तितकं, सावलीत, तारेने घट्ट बांधा. छोटी परडी मिळाली तर अजून छान. हिरवं ताजं गवत घालू नका, ओल धरतं आणि पिल्लू गार पडतं. कापूस तर नकोच, पायाच्या बोटांना गुंडाळतो, नखात अडकतो.

मग लांब जा. लांब म्हणजे खरंच लांब, खिडकीच्या आत पडद्यामागे, कारण तुम्ही खाली मोबाईल घेऊन उभे असाल तर आई येणारच नाही आणि मग तुम्हीच म्हणणार की बघा आली नाही. बिनपिसाच्या पिल्लासाठी तास-दीड तास नीट लक्ष ठेवा. आई येते ती पाच-दहा सेकंद थांबते आणि जाते, चहा आणायला उठलात तर हुकते. कुणीच आलं नाही, किंवा आई मेलेली डोळ्यांनी दिसली, किंवा पिल्लू जखमी आहे, पंख लोंबतोय, रक्त आहे, मुंग्या लागल्यात, किंवा अंगावर तांदळाच्या बारीक कणीसारखे पांढरे पुंजके दिसतायत (ती माशीची अंडी असतात, त्यातून अळ्या निघून जिवंत पिल्लाला खातात), तर आता मात्र ते तुमच्या हातात आहे.

मांजराच्या तोंडातून सोडवलेलं पिल्लू ही वेगळी केस आहे. वरून एक ओरखडा दिसत नसला तरी त्याला डॉक्टरकडे न्यायचं, त्याच दिवशी, कारण मांजराच्या दातांवरचे जीवाणू छोट्या पक्ष्याच्या रक्तात गेले की एक-दोन दिवसांत खेळ खलास होतो आणि अँटिबायोटिक लवकर सुरू झालं तरच वाचतो. डॉक्टरला नुसतं पडलेलं पिल्लू आहे असं सांगू नका, मांजराने धरलं होतं असं स्पष्ट सांगा. घरातली उरलेली अमॉक्सिसिलिन अंदाजाने देऊ नका, पंचवीस ग्रॅमच्या पक्ष्याचा डोस अंदाजाने निघत नाही.

आधी ऊब, मग बाकी सगळं

एक बुटाचा खोका घ्या, झाकणाला भोकं पाडा. आत एक छोटी वाटी, भाजीची वाटी असते तेवढी, तिच्यात टिशू पेपर किंवा जुनी मऊ सुती बनियन घडी करून असा खळगा करा की पिल्लू त्यात घट्ट बसेल आणि पाय पोटाखाली राहतील. हे पाय पोटाखाली राहणं फार महत्त्वाचं आहे, सपाट गुळगुळीत वर्तमानपत्रावर ठेवलेल्या पिल्लाचे पाय दोन बाजूंना फाकतात, काही दिवसांत तसेच कायमचे राहतात आणि तो पक्षी पुढे फांदीवर बसू शकत नाही. टर्किश टॉवेल नको, त्याच्या धाग्यांच्या फासात नखं अडकतात.

उष्णता द्यायला सगळ्यात सोपं म्हणजे अर्ध्या लिटरच्या बाटलीत गरम पाणी भरायचं, उकळतं नाही, सुती कापडात गुंडाळायचं आणि खोक्यात वाटीला लागून एका बाजूला ठेवायचं. एकाच बाजूला, म्हणजे पिल्लाला जास्त झालं तर सरकता येईल. बाटली गार होते, तास-दीड तासाने बदलावी लागते, हे विसरलं की तीच बाटली उलट पिल्लाची ऊब ओढून घेते. बल्ब लावायचा तर जुना पिवळा ४० वॉटचा लागेल, आता घराघरात एलईडी आहेत आणि ते काही कामाचे नाहीत, नुसता उजेड पडतो. बल्ब हातभर लांब ठेवा आणि पिल्लाच्या जागी स्वतःचा हात पाच मिनिटं ठेवून बघा, चटका लागत असेल तर त्यालाही लागणार. बिनपिसाच्या पिल्लाला साधारण ३२ ते ३५ अंश लागतं, नळ्या फुटलेल्याला ३० च्या आसपास, पूर्ण पिसं आली की खोलीचं तापमान चालतं. हे लोणावळ्यात जुलैमध्ये. नागपूर-चंद्रपूरला मे महिन्यात घरातच ४० असताना बाटली-बल्ब काही नको, उलट पिल्लू चोच उघडी टाकून धापा टाकत असेल, मान लांब करून पडलं असेल तर ते तापलंय, खोका घरातल्या सगळ्यात गार खोलीत जमिनीवर ठेवा. कूलरचा झोत मात्र अंगावर नको.

संध्याकाळी अंधार पडल्यावर सापडलं तर? गरम करा, खोका बंद करा, अंधारात ठेवा, झोपा. रात्री भरवायचं नसतं. सकाळी उजाडल्यावर पुढचं बघू.

पाणी पाजू नका

हे जरा ठासून सांगतो कारण कितीतरी पिल्लं यानेच मरतात, भुकेने नाही. पक्ष्याची जीभ जिथे संपते तिथेच, अगदी जिभेच्या मुळाशी, श्वासनळीचं तोंड असतं, पिल्लाने आ केला की एक बारीक भोक उघडझाप करताना तुम्हाला स्वतःला दिसेल. ड्रॉपरने सोडलेलं पाणी थेट त्यात जातं. नाकातून बुडबुडे येतात, चोच उघडी ठेवून टकटक असा श्वास चालतो, आणि मग दोन दिवसांनी लोक म्हणतात की सगळं दिलं हो आम्ही तरी गेलं. घरट्यात आई सहसा पाणी आणून पाजत नाही, पिल्लांना पाणी अळ्यांमधून आणि फळांमधून मिळतं, म्हणून तुम्हीही ओलसर खाणं द्यायचं, विषय संपला. फारच सुकलं असेल, कातडं सुरकुतलेलं असेल, तोंडात चिकट तार दिसत असेल, तर पिल्लू गरम आणि जागं झाल्यावर बोटाच्या टोकावर एक थेंब घेऊन चोचीच्या कडेला टेकवायचा, ते स्वतः ओढून घेईल, परत एक थेंब, एवढंच.

दूध तर अजिबात नाही. पक्षी सस्तन प्राणी नाहीत, दूध त्यांच्या खाण्यात कधी येतच नाही, त्यातली साखर त्यांना पचत नाही आणि जुलाब होतात. त्याच न्यायाने पाव-दूध, बिस्किट, सेरेलॅक (बहुतेक सेरेलॅकमध्ये दुधाची पावडर असते, डबा वाचा), दहीभात सगळं बाद. शेव, फरसाण, चपाती, भाताची शितंही नकोत, मोठी चिमणी अंगणात भात खाते म्हणून पिल्लाला चालतो असं नाही.

चोच बघा आणि मग ठरवा

मोठी चिमणी दाणे टिपते, पण पिल्लांना ती सुरुवातीला किडे आणि अळ्याच आणून घालते. बुलबुलही तसाच, फळं खाणारा पण पिल्लांना किडे. कारण सरळ आहे, दोन आठवड्यांत दोन-तीन ग्रॅमचा गोळा पंचवीस ग्रॅमचा उडणारा पक्षी करायचा तर प्रोटीन लागतं, बाजरीने ते होत नाही. त्यामुळे चिमणी, बुलबुल, साळुंकी, दयाळ, शिंपी या सगळ्यांसाठी एक-दोन दिवसांचं तात्पुरतं खाणं एकच. मांजराच्या पिल्लांचं नाहीतर कुत्र्याच्या पिल्लांचं कोरडं खाणं, ते दाणेदार मिळतं ते, साध्या पाण्यात अर्धा तास भिजवून स्पंजासारखं मऊ करायचं, जास्तीचं पाणी दाबून काढायचं, आणि त्यात उकडलेल्या अंड्याचा बलक आणि थोडा पांढरा भाग कुस्करून घालायचा. ग्रेव्हीवालं पाकीट नको, त्यात मीठ. भिजवलेल्या खाण्यात चिमूटभर अंड्याच्या कवचाची अगदी मैद्यासारखी बारीक पूड घातली तर कॅल्शियमची सोय होते. शाकाहारी घरात हे सांगितलं की जरा शांतता पसरते, मला माहितीय, पण मग बागेतले नाकतोडे पकडा, डोकं आणि काटेरी मागचे पाय काढून टाका आणि द्या, तेही घरात चालत नसेल तर पिल्लू लगेच दुसऱ्या कुणाकडे सोपवा. त्याला तुमच्या उपासात ओढू नका. फिश टँक आणि पक्ष्यांच्या दुकानात मीलवर्म नावाच्या अळ्या मिळतात, त्या चांगल्या, पण छोट्या पिल्लाला डोकं चिरडून द्या आणि फक्त त्यावरच वाढवू नका. किडे घरात झुरळांचा स्प्रे मारलेल्या जागचे नकोत हे सांगायला नको.

भरवताना पिल्लू वाटीतच बसलेलं असू द्या, हातात उताणं धरायचं नाही. वाटीच्या कडेवर हलकेच टिचकी मारली किंवा वरून हाताची सावली हलवली की आई आली असं वाटून ते मान ताणतं आणि आ वासतं. बोथट टोकाचा प्लास्टिकचा चिमटा किंवा आइस्क्रीमची काडी तासून घ्या, चिमणीला ज्वारीच्या दाण्याएवढा, बुलबुलाला तुरीच्या डाळीएवढा, साळुंकीला हरभऱ्याएवढा घास, आणि तो जिभेच्या टोकावर नाही तर मागे, श्वासाच्या त्या भोकाच्या पलीकडे, घशाच्या एका बाजूला ठेवायचा. ते स्वतः गिळेल. दोन-चार घासांनंतर आ करणं बंद झालं की थांबा, जबरदस्तीने चोच उघडून कोंबू नका. सुरुवातीलाच आ करत नसेल तर बहुतेक ते गार आहे, परत ऊब द्या आणि वीस मिनिटांनी बघा.

आणि आता गंमत बघा. घास गिळला की पिल्लू बसल्या जागी गोल वळतं, डोकं खाली, बूड वर, मागचा भाग हळूहळू वाटीच्या काठावर आणतं, जरा थरथरतं, आणि एक पांढरी चकचकीत पुडी बाहेर ढकलतं, पातळ पापुद्र्यात बांधलेली, एका टोकाला काळपट हिरवा ठिपका. ही त्याची शीट. घरट्यात आई ती चोचीत उचलून लांब नेऊन टाकते म्हणून घरटं स्वच्छ राहतं, इथे ते काम तुमचं, टिशूच्या टोकाने उचललं की झालं, फुटतसुद्धा नाही. ही पुडी रोज बघा. नीट बांधलेली येतेय म्हणजे पोट चाललंय. पाण्यासारखी, वास मारणारी, सुटी सुटी येत असेल तर खाण्यात काहीतरी चुकतंय, आणि भरवूनही बराच वेळ काहीच येत नसेल तर ते सुकलंय. पिसांवर खाणं सांडलं तर ओल्या कापसाच्या बोळ्याने लगेच पुसा, वाळून कडक झालं की त्याखालची पिसं कुजतात.

किती वेळाने हे ऐकून बहुतेकांचा उत्साह मावळतो. बिनपिसाच्या पिल्लाला सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत दर वीस ते तीस मिनिटांनी. पिसं फुटायला लागली की दर पाऊण तासाने, उड्या मारायला लागलं की तास-दोन तासांनी. म्हणजे ऑफिसला जाणाऱ्या माणसाला हे शक्य नाही, सकाळी नाश्ता आणि संध्याकाळी जेवण हा हिशोब इथे चालत नाही, त्यामुळेच मी वर तात्पुरतं हा शब्द वापरला.

जे चोच वासत नाहीत त्यांचं काय

कबुतराचं पिल्लू पहिल्यांदा बघणाऱ्याला ते गिधाडाचं वाटतं. पिवळी विरळ लव, फुगलेली लांब चोच, काळपट कातडं. एसीच्या मागे, डक्टमध्ये, बाथरूमच्या खिडकीत सापडणारं हेच असतं आणि होला म्हणजे छोटं कवडं असतं तेही याच जातकुळीचं. यांचं पिल्लू आ करत नाही, उलट ते आपली चोच आईबापाच्या घशात घालतं आणि तिथून वर आलेलं दह्यासारखं दाटसर खाणं पितं, जे आई आणि बाप दोघांच्याही अन्नाच्या पिशवीत तयार होतं. म्हणून यांना किडे नकोत, अंडं नको. पिसं आलेल्या पिल्लाला सगळ्यात सोपं म्हणजे फ्रोझन मटार. गरम पाण्यात टाकून पूर्ण वितळवायचे, कोमट करायचे, पिल्लाला टॉवेलच्या घडीत मांडीवर घ्यायचं, एका हाताच्या दोन बोटांनी चोच हळूच उघडायची आणि एकेक मटार जिभेच्या मागे सरकवायचा. पहिले चार-पाच मटार भांडण होतं, मग त्याला कळतं. गळ्याखाली छातीवर एक पिशवी फुगत जाते, आतले मटार बोटाला लागतात, ती मऊ भरल्यासारखी झाली की बस, टम्म फुग्यासारखी नको. पुढचं जेवण ही पिशवी रिकामी झाल्यावरच, मोठ्या पिल्लाला दिवसातून तीन-चार वेळा पुरतं. सकाळी उठून बघितलं आणि रात्रीचं अजून तसंच भरलेलं असेल, आंबट वास येत असेल, तर डॉक्टर.

लव असलेल्या लहान कबुतराला मात्र पोपट-कबुतरांसाठी मिळणारी हँड फीडिंग पावडर लागते, ती ३८ ते ४० अंशाच्या गरम पाण्यात कालवायची, थर्मामीटर लावून, मनगटाचा अंदाज नको, कारण जास्त गरम असेल तर ती पिशवी आतून भाजते आणि गार असेल तर आतच आंबतं. सिरिंजचं पुढचं टोक कापून, कड घासून, त्यावर चिकटपट्टीचं रबरी कापड ताणून बांधायचं आणि मधे चीर द्यायची, पिल्लू त्या चिरेत चोच घालून स्वतः पितं. हे एकदा कुणाकडून तरी डोळ्यासमोर शिकून घ्या, वाचून नाही जमत.

घुबडाचं पिल्लू, विशेषतः गव्हाणी घुबडाचं, पांढरी लव आणि हृदयाच्या आकाराचं तोंड, उभं राहून फुस्स फुस्स करतं आणि सोसायटीत भुताटकीची चर्चा सुरू होते. ते अपशकुनी वगैरे काही नाही, तुमच्या गोदामातले उंदीर तेच खाऊन टाकतं. याच्याबद्दल गावभर बोलू नका, फोटो टाकू नका, घुबडांचा अजूनही जादूटोण्यासाठी बाजार आहे आणि दिवाळीच्या आसपास तो जास्त चालतो. घुबड, पिंगळा, घार यांच्या पिल्लांना नुसता बोनलेस चिकनचा खिमा घालत राहिलं तर कॅल्शियम न मिळून हाडं वाकतात, पंधरा दिवसांत पाय धनुष्य होतात, आणि नखं तर तुमच्या हातात घुसतातच. यांना खोक्यात बंद करून अंधारात ठेवा आणि फोन करा. घरी वाढवायचा प्रयत्न करू नका.

जून-जुलैत कावळे कोकिळेच्या पिल्लाला भरवताना दिसतात, हा तर दरवर्षीचा घोळ. काळं पिल्लू, कावळ्यांची गडबड, आणि लोकांना वाटतं कावळे त्याला मारतायत, मग धाडसाने सोडवून आणतात. कधी कधी कावळे खरंच टोचतात, विशेषतः जरा मोठं झालेल्या पिल्लाला, पण दहा मिनिटं बघा, चोचीत चोच घालून भरवतायत की टोचतायत ते कळतं. खरंच अनाथ झालंच तर ते वरचं भिजवलेलं खाणं चालतं आणि जोडीला पपई, चिकू, केळं यांचे तुकडे, मोठ्या कोकिळेचं पोट फळांवरच चालतं.

टिटवीची पिल्लं अंड्यातून निघाली की त्याच दिवशी पळायला लागतात. माळरानावर, बांधकामाच्या साइटवर, कधी गच्चीवर ती एकटी दिसली आणि जवळ गेल्यावर दगडासारखी गपकन बसून राहिली तर ती सोडून दिलेली नाहीत, लपलीयत, आणि आई डोक्यावर कर्कश ओरडत फिरतेय. निघा तिथून. आणि घरात शिरलेला, फरशीवर पडलेला, काळपट, लांब कोयत्यासारख्या पंखांचा, पांढऱ्या कमरेचा पक्षी पिल्लू नसतोच कित्येकदा, ती मोठी पाकोळी असते, तिचे पाय इतके आखूड की सपाट जमिनीवरून तिला झेप घेता येत नाही. जखम नसेल तर गच्चीवर जाऊन उघड्या तळहातावर डोक्याच्या वर धरा, वाट बघा, ती स्वतः जाईल. हवेत फेकू नका.

घरातले धोके

सीलिंग फॅन. पिल्लू उडत नाही असं गृहीत धरून खोका उघडतात आणि ते नेमकं त्याच वेळी पहिल्यांदा उडतं. खोका ज्या खोलीत आहे तिथला फॅन बंदच, बटणावर चिकटपट्टी लावा. दुसरं म्हणजे धूर, अगरबत्ती, धूप, मच्छर कॉइल, लिक्विडेटर, डिओ, हिट, फोडणीचा ठसका, पक्ष्यांची फुफ्फुसं या बाबतीत आपल्यापेक्षा फार नाजूक आहेत. लाल मुंग्यांसाठी खोका टेबलावर ठेवून टेबलाचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवा. अंगावर बारीक पिसवांसारखे किडे चालताना दिसले तर कुत्र्याची पावडर टाकू नका, टिशू दिवसातून चार वेळा बदला. हात आधी आणि नंतर साबणाने धुवायचे, आणि घरात पाळलेल्या कोंबड्या किंवा लव्हबर्ड असतील तर त्यांच्याजवळ हा खोका न्यायचा नाही.

मुलांना दाखवा, पण दिवसभर हातात देऊ नका. नाव ठेवणं, गप्पा मारणं, खांद्यावर बसवून रील काढणं यात पिल्लाचं नुकसान आहे, विशेषतः कावळा, साळुंकी आणि पोपट माणसालाच आपलं समजायला लागतात आणि मग बाहेर सोडल्यावर कुठल्या तरी अनोळखी माणसाच्या डोक्यावर जाऊन बसतात, आणि तो माणूस झाडू घेऊन धावतो. त्याच जातीचं दुसरं पिल्लू कुणाकडे असेल तर दोघांना एकत्र ठेवा, हे सगळ्यात चांगलं.

कुणाकडे द्यायचं

कायद्याने जंगली पक्षी घरी पाळता येत नाही, वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे, आणि त्यात आपला हिरवा पोपटसुद्धा येतो, ज्याला पिंजऱ्यात ठेवून मिठू म्हणायची आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्यांची सवय आहे. म्हणून फोन लवकर करा. महाराष्ट्रात वनविभागाची हॅलो फॉरेस्ट हेल्पलाइन १९२६ आहे. पुण्यात बावधनला वनविभागासोबत रेस्क्यू संस्थेचं वन्यप्राण्यांचं उपचार केंद्र आहे, नागपुरात सेमिनरी हिल्सला वनविभागाचं ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटर (वन्यप्राण्यांवर उपचार करणारं केंद्र) आहे, मुंबईत परळचं बैलघोडा हॉस्पिटल पक्षीही बघतं. छोट्या गावात सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना असतो, डॉक्टर गाई-म्हशींचे असले तरी जखम धुणं आणि हाडाला पट्टी त्यांना जमतं. फोनवर सांगताना पिल्लू सापडलंय एवढंच सांगू नका, पिसं आहेत की नाहीत, चोच कशी आहे, कुठे सापडलं, मांजर होतं का, तुम्ही आतापर्यंत काय खायला दिलंत, हे सगळं सांगा, आणि दूध दिलं असेल तर तेही सांगा, कुणी रागावत नाही. बरं, नेताना रिक्षात खोका मांडीवर, झाकण बंद, सारखं उघडून बघायचं नाही.

काही वेळा केंद्र लांब असतं, जागा नसते, आणि ते लोकच फोनवर गाइड करून सांगतात की आठवडाभर सांभाळा. मग पिल्लू फांदीवर बसायला लागल्यावर खोक्यातून त्याला मोठ्या जागेत हलवावं लागतं. पोपटाचा लोखंडी पिंजरा नको, गजांवर पंख आपटून पिसं तुटतात. लहान बाळांची छत्रीसारखी उघडणारी मच्छरदाणी असते ना ती याला एक नंबर, आत दोनतीन वेगवेगळ्या जाडीच्या खऱ्या फांद्या बांधा, खाली वर्तमानपत्र, एका कोपऱ्यात बशीत पाणी, अगदी उथळ, आणि दुसऱ्या बशीत खाणं, त्यात जिवंत अळ्या वळवळत असतील तर ते टोचायला लवकर शिकतं. सकाळचं कोवळं ऊन तासभर मिळू द्या, अर्धी सावली ठेवून. आता भरवणं हळूहळू कमी करायचं. भूक लागून ते ओरडेल, मागे लागेल, तुम्ही विरघळाल, तरी आधी बशी पुढे करायची.

सोडायचं कधी, तर तीन गोष्टी जमल्यावर. दोन-तीन दिवस तुमच्या मदतीशिवाय पोटभर खातंय आणि वजन उतरत नाही, खोलीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरळ उडून वरच्या जागी बसतंय, आणि पिसांवर पाणी शिंपडलं तर थेंब घरंगळून जातात, अंग भिजून चिंब होत नाही. दिवस कोरडा निवडा, पावसाची उघडीप बघा, आणि सोडा सकाळी, म्हणजे अंधार पडायच्या आत त्याला जागा शोधायला पूर्ण दिवस मिळतो. जागा अशी की जिथे त्याच जातीचे पक्षी रोज दिसतात, शक्यतो जिथे सापडलं तिथलंच आवार. मच्छरदाणी गॅलरीत किंवा बागेत ठेवून चेन उघडी ठेवायची आणि आपण आत जायचं. काही पिल्लं लगेच जातात, काही दुपारपर्यंत आतच बसून राहतात. पुढचे आठ-दहा दिवस त्याच ठिकाणी त्याच वेळी बशीत खाणं ठेवत जा, बुलबुल आणि साळुंक्या बऱ्याचदा येऊन खाऊन जातात, मग एक दिवसाआड, मग बंद. वाटी-चिमटा उकळून ठेवा, खोका फेकून द्या, मच्छरदाणी डेटॉलच्या पाण्यात भिजवून कडक उन्हात वाळवा, पुढच्या वादळात परत लागणार आहे.